मूळचा कोठचा?

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. चंद्रपूर

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रात्री बातमी आली तेव्हा आम्ही दोघंही जेवण अर्धवट टाकून टीव्हीपुढे उभे राहिलो. जी भाषा शिकवण्यात आयुष्य गेलं तिचा मान झाला, ऊर भरून येणारच. पण त्याच क्षणी मला मोहगावची शाळाही आठवली. धानोरा तालुक्यातल्या त्या गावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. २०११ च्या जनगणनेत एकोणतीस लाखांवर लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. आनंदाच्या दिवशी हे कशाला, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. या भागात राहून मराठीवर प्रेम करायचं तर शेजारच्या घरात काय बोलतात तेही ऐकावं लागतं.

आज दुपारी बारावीतला एक पोरगा स्टाफरूमच्या दारात घुटमळत होता. बंगाली कॅम्पात राहतो. वर्गात मागच्या बाकावर असतो आणि फारसा बोलत नाही. म्हणाला, "सर, चौदा तारखेला आमच्या मंडळाचा कार्यक्रम आहे. मले रॅप म्हणाचा आहे. जरा पाहून द्या ना."

कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. सगळं मुंबईच्या हिंदीत: अपुन, भाई, गली, लोकल, समुंदर. पोराने समुद्र पाहिलेला नाही, लोकलमध्ये पाय ठेवलेला नाही. २०१९ मध्ये 'गली बॉय' आला तेव्हापासून गावोगावची पोरं याच बोलीत लिहितात. धारावी-कुर्ल्याच्या पोरांनी ती बोली स्वतःच्या हिमतीवर गाण्यात आणली, त्यांचं मला कौतुक आहे. पण ती त्यांची. मी त्याला विचारलं, "यात तू कोठं आहेस?" तो कागद घेऊन गेला.

५ ऑक्टोबर, शनिवार

पोरगा परत आला, सोबत आणखी दोघं. एक बाबूपेठेतला. दुसरी एक मुलगी, भामरागडकडची माडिया, इथे वसतिगृहात राहून बी.ए. करते. तास संपल्यावर रिकाम्या वर्गात बसलो आणि मी त्यांना रॅपचा जन्म सांगितला. कारण यांना वाटतं हा अमेरिकेच्या श्रीमंत गायकांचा प्रकार, गळ्यात साखळी आणि मागे मोटार.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कमधला ब्रॉंक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू, एका चाळवजा उंच इमारतीतली सामायिक खोली. शाळा सुरू होणार म्हणून एका बहिणीने पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. भाऊ तबकड्या वाजवणार. हा भाऊ म्हणजे क्लाइव्ह कॅम्पबेल, पुढे जगभर डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेलेला. त्याने गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवला, आणि त्या तालावर माणसं नाचायला, बोलायला लागली. आता खरी गोष्ट अशी की कूल हर्क अमेरिकेत जन्मलेला नव्हता. जमैकाच्या किंग्स्टनमधून बारा वर्षांचा असताना आला. रस्त्यावर मोठे भोंगे लावून गाणी वाजवण्याची रीत तो तिकडूनच घेऊन आला. त्याच्या मागोमाग नाव झालेला ग्रँडमास्टर फ्लॅश बार्बाडोसमध्ये जन्मलेला. म्हणजे रॅप मुळातच परमुलखातून आलेल्या पोरांचं आहे. काळे होते म्हणून गोऱ्यांना नकोसे, आणि बोलण्याची ढब वेगळी म्हणून तिथल्या काळ्यांनाही जरा परके.

बाबूपेठेतल्या पोराने मान वर केली. "म्हणजे सर, ते बी बाहेरचेच?"

होय, तेही बाहेरचेच.

घरी येऊन एक गोष्ट सुचली ती लिहून ठेवतो. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली त्यांना ती अर्पण केली आहे. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी ब्रॉंक्समध्ये ती पार्टी झाली. आणि मधल्या १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि ड्युबॉइस यांनी उत्तरही दिलं. आमच्या पोरांनी रॅपला हात घातला तर ती कोणाची नक्कल होत नाही. दीडशे वर्षं चालत आलेल्या येण्याजाण्याचाच तो एक भाग आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

जर्मनीहून भाचीचा फोन आला. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेली आहे. आमच्या घरातून पासपोर्ट काढणारी ती पहिली. पोरांचं रॅप प्रकरण ऐकल्यावर तिने एक गाणं पाठवलं. "मामा, तुमच्या पोट्ट्यायले हे ऐकवा."

हायडेलबर्ग शहरातल्या अॅडव्हान्स्ड केमिस्ट्री या त्रिकुटाचं, १९९२ मधलं. गाण्याच्या नावाचा अर्थ 'स्वतःच्याच देशात परका'. त्या तिघांपैकी एकाची आई हैतीची, एकाचा बाप घानाचा, तिसरा इटालियन घरातला. तिघंही जर्मनीतलेच, जर्मन ही त्यांची रोजची भाषा. खिशात सोनेरी गरुडाचा जर्मन पासपोर्ट, तरी हद्दीवर तपासणी त्यांचीच होणार आणि ओळख झाली की विचारणार, तू मायदेशी परत कधी जाणार? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोस्टॉकच्या लिश्टेनहागेन भागात व्हिएतनामी कामगार राहत असलेल्या इमारतीवर जमावाने आगीचे गोळे फेकले होते आणि बघे टाळ्या वाजवत होते. गाणं त्या धगीतलं आहे. जर्मन मला कळत नाही. भाचीने ओळीओळीने सांगितलं, मग मी पुन्हा ऐकलं. आवाजात रडणं नाही. एकेक पुरावा टेबलावर ठेवत जावा तसं बोलतात.

मी विचारलं, तुलाही हा अनुभव येतो का? ती म्हणाली, ट्राममध्ये येतो कधीमधी. एका म्हाताऱ्याने कुठून आलीस म्हणून विचारलं. मी इंडिया म्हटलं, तो म्हणाला तिकडे परत केव्हा? मी म्हटलं, शिकून झाल्यावर ठरवीन, तुम्हाला काही अडचण? तिला अशी उत्तरं जमतात.

मग जरा थांबून दुसरं सांगितलं. खोली शोधत होती. आपल्या भाषेतली माणसं म्हणून एका मराठी कुटुंबाला फोन केला. काकू फार गोड बोलल्या. पोहे करते, ये म्हणाल्या. बोलता बोलता आडनाव विचारलं. मग गाव. चंद्रपूर म्हटल्यावर, "तिकडे ना, खूप ते लोक आहेत." मग वडील काय करतात. मग, "बरं, तू म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडलं. दोन दिवसांनी खोली दुसऱ्याला दिल्याचा निरोप.

"मामा, ट्राममधल्या माणसाले तोंडावर उत्तर देता येते. या काकूले मी काय उत्तर देऊ? तिनं तर काही म्हटलंच नाही."

फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. रागाने. हजारो मैलांवर हळद, हिंग आणि गणपती गेले, त्यांच्यासोबत हेही गेलं. सिएटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ ला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा ठराव केला, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, म्हणजे कालच्याच तारखेला, कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तिथल्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तसंच विधेयक परत पाठवलं. आधीचे कायदे पुरेसे आहेत, असं कारण दिलं. त्या विधेयकाच्या विरोधात आपलीच माणसं मोठ्या संख्येने उतरली होती. इथे जात कुठे आहे, म्हणत. भाचीला विचारा.

झोप येईना म्हणून बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढलं. लहानसं लिखाण, छापील पानं मोजकी. न्यूयॉर्क-लंडनहून परतलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जातात आणि राहायला जागा मिळत नाही. परदेशात असताना आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, आणि बडोद्याच्या स्टेशनवर ती परत समोर उभी राहिली. पारशी धर्मशाळेत खोटं पारशी नाव लिहून राहावं लागलं. काही दिवसांनी लाठ्या घेऊन माणसं आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाली. कोलंबिया विद्यापीठ हार्लेमला लागून आहे. हार्लेम ओलांडलं की ब्रॉंक्स. ज्या शहरात १९१३ साली हा माणूस गेला त्याच शहरात साठ वर्षांनी रॅप जन्माला आलं. तिथे तो निर्धास्त झाला होता. परका झाला तो बडोद्यात. परदेश नेमका कुठे सुरू होतो ते ही पानं वाचताना कळतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज नुसती तालीम. पोराने मोबाइलवर यूट्यूबवरची फुकटची बीट लावली आणि बाकावर बोटांनी ठेका धरला. चार-चारचा सरळ ताल. पहिल्या मात्रेवर मुठीचा ठोका, तिसरीवर बोटांची टिचकी.

आता मुंबईची हिंदी गेली आहे. तिच्या जागी त्याने शाळेची मराठी आणली. "मी माझे घर शोधत आहे." बीटवर म्हणून पाहिलं. 'आहे' शेवटी लोंबकळतं, ठोका पडून जातो आणि 'हे' मागून येतं. दर ओळीला तेच. बाबूपेठेतला म्हणाला, "अबे, तू घरी कसा बोलतेस तसा बोल ना." मग तो म्हणाला, "घर शोधून राह्यलो." आणि 'लो' नेमका ठोक्यावर बसला. लगेच पुढची सुचली, उभा राह्यलो, सांगून राह्यलो, ऐकून राह्यलो. यमक आपोआप. तिघंही ओरडले. मी खडू खाली ठेवला आणि नुसता पाहत बसलो.

ज्या बोलीत उत्तर लिहिलं म्हणून आम्ही परीक्षेत गुण कापतो तीच इथे कामाला आली. पुढच्या वर्षी पेपर तपासताना हे माझ्या लक्षात राहील.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

बंगाली कॅम्पात दुर्गापूजा. पोराने घरी बोलावलं होतं. मांडवात ढाक वाजत होता. खिचडी, बेगुनी, टोमॅटोची गोड चटणी. घरात त्याचा आजा खाटेवर बसलेला. वय ऐंशीच्या पुढचं.

आज्याचं गाव खुलन्याकडचं. १९६४ च्या दंगलींनंतर निघाले. आधी सीमेवरचा कॅम्प, मग रायपूरजवळचा माना कॅम्प, मग ट्रकमधून चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. मुलचेरा-चामोर्शी भागात जंगल तोडून जमीन दिली गेली. मधला मुलगा, या पोराचा बाप, कामासाठी चंद्रपूरला आला. आज्याने गादीखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत नोंदणीचा कागद, घडीवर चार तुकडे झालेला, पिवळी सेलोटेप लावलेला. निळ्या शाईचा गोल शिक्का पसरून त्यातली अक्षरं गेली आहेत. नुसता गोल उरला आहे. त्याने तो माझ्या हातात दिला नाही. स्वतःच्या तळहातावर धरून दाखवला.

आजा बंगाली, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलतो. "इधर हम बांगाली. एक बार कोलकाता गेलो, बहीन के घर. वो लोग हसला. बोला, तुमी तो मराठी होये गेछो."

जात विचारू नये, पण विषय त्यानेच काढला. ते नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. त्यामुळे नातवाला ना शिष्यवृत्ती ना वसतिगृह. इथल्या बंगाली वस्त्यांची ही मागणी जुनी आहे. निवडणुकीत ती दर वेळी व्यासपीठावर येते आणि मग खाली उतरते.

मी सहज विचारलं, जोगेंद्रनाथ मंडल हे नाव ऐकलंय का? म्हातारा खाटेवर सरळ झाला. "जोगेन मंडल! आमादेर लोक!"

नातवाला काहीच माहीत नव्हतं. त्याला तिथेच बसवून सांगितलं. १९४६ मध्ये संविधान सभेवर जायला बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून वाट नव्हती. ते निवडून आले बंगालमधून, आणि त्यासाठी जिवाचं रान केलं ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमःशूद्र माणसांनी. पुढे फाळणी झाली. बाबासाहेब भारताचे कायदेमंत्री झाले आणि मंडल पाकिस्तानचे. १९५० मध्ये राजीनामा देऊन मंडल कोलकात्याला आले. त्यांची माणसं मागून येत राहिली, वर्षानुवर्षं, कोणी दंडकारण्यात, कोणी चांद्यात. म्हणजे ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं त्यातलीच माणसं शेवटी बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीच्या शहरात येऊन राहिली, आणि या शहराला ते ठाऊक नाही. दरवर्षी चंद्रपूरच्या या दीक्षाभूमीवर लाखो माणूस येतो. बंगाली कॅम्प काही फार लांब नाही. इतक्या वर्षांत कोणी कोणाला हे सांगितलं नाही.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "सर, हे रॅपमध्ये टाकू?"

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

दिवसभर पाहुणे. संध्याकाळी पोराचा मेसेज आला, रोमन अक्षरांत. इथे देवनागरीत उतरवतो:

आजा आला ट्रकात, कागद त्याचा भिजला,
नातू झाला चांद्यात, तरी सवाल नाही विझला.
कोठचा रे तू? इथचा. मूळचा? इथचाच ना बे,
साठ वर्सं पुसून राह्यला, आता तरी थांब बे.

शेवटचं 'बे' राहू दे, असं कळवलं. मंडळातल्या एका मोठ्या माणसाला ते असभ्य वाटलं म्हणे. चांद्यात मित्राला 'बे' म्हणतात, आणि हे गाणं मित्रालाच उद्देशून आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नव्हती. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी इथे स्वतः धम्मदीक्षा दिली. ते घडवून आणण्यात पुढाकार होता बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा. चांद्याचा माणूस, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला, पुढे राज्यसभेचा उपसभापती. आमच्या या शहराने पहिल्यापासून परदेश पाहिलेला आहे आणि तिकडचं शिक्षण घेऊन माणूस चांद्यात परत आलेला आहे. आजी सांगायची, बाबासाहेब एक एक प्रतिज्ञा म्हणायचे आणि सगळा जनसागर मागोमाग म्हणायचा. बावीस प्रतिज्ञा. आपण कोण आहोत हे दुसऱ्याने ठरवायचं नाही, आपण आपल्या तोंडाने मोठ्याने सांगायचं. रॅपमध्ये पोरं पहिल्या चार ओळींत हेच करतात, नाव आणि वस्ती सांगतात. मला हे दोन प्रकार एकमेकांपासून फार लांबचे वाटत नाहीत. आंबेडकरी जलशांमध्येही हीच रीत होती.

परवाचा, चौदाचा कार्यक्रम लिहायचा राहिला. भीमगीतं झाली, मग पोरगा उभा राहिला. आधी कुजबुज, बंगाली पोट्टा इथं काय करते म्हणून. बीट दोनदा बंद पडली. तिसऱ्या वेळी बाबूपेठेतल्याने डफ घेतला आणि त्यावरच चालू केलं, ते मोबाइलपेक्षा बरं वाटलं. जोगेन मंडलांची ओळ आली तेव्हा पुढे बसलेले दोन-तीन म्हातारे एकमेकांकडे पाहायला लागले. त्यांना नाव माहीत होतं. शेवटच्या वेळी 'थांब बे' सगळ्या मांडवाने म्हटलं. "जय भीम" म्हणून पोरगा उतरला तेव्हा एक बाई त्याला जवळ घेऊन म्हणाली, "कोणाचा रे तू?" तो हसला. तिला गाणं कळलं होतं, तिने मायेने विचारलं होतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पोरांना आता भूक लागली आहे. कोण कोण असं गाते म्हणून विचारत होती. मोबाइलवर बराच वेळ ऐकत बसलो.

सुमित सामोसचं त्यांना सगळ्यांत जास्त आवडलं. दलित पोरगा, ओडिशातल्या कोरापूटचा. कोरापूट म्हणजे दंडकारण्यच, आपल्या जंगलाचंच पुढचं टोक, आणि बंगाली निर्वासित तिथेही वसवले गेले. जेएनयूत असताना रॅप करायला लागला, इंग्रजी, हिंदी, ओडिया अशा वेगवेगळ्या भाषांत. २०२१ मध्ये ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला तर पैसे लोकांनी वर्गणी काढून दिले. मग तमिळनाडूचा अरिवू. २०२१ मध्ये गाजलेल्या त्याच्या 'एंजॉय एंजामी'मागे आजीची कहाणी आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली बाई, परत आली तर इकडेही जमीन नाही. १९६४ च्या करारानंतर मळ्यांतल्या लाखो तमिळांना भारतात पाठवलं गेलं. तेच साल, ज्या साली पोराचा आजा खुलन्याहून निघाला. पोरगा म्हणाला, "आम्ही अन् ते सेमच ना सर." सेमच.

अरिवूचं दुसरं प्रकरणही सांगितलं. त्याने लिहिलेल्या दोन गाण्यांवर एका मोठ्या संगीत मासिकाने मुखपृष्ठ काढलं. त्यावर त्या गाण्यांतले दुसरे दोन कलाकार होते, त्यातला एक कॅनडात वाढलेला तमिळ रॅपर. लिहिणारा नव्हता. मोठी ओरड झाली, मग त्याचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. लिहिणाऱ्याचं नाव असं गळतं, म्हणून आधीच सावध राहा म्हटलं.

पंजाबी रॅपवर मात्र वाद झाला. बाबूपेठेतला सिद्धू मूसेवालाचा भक्त आहे. ब्रॅम्प्टनला शिकायला गेलेल्या पोराने गावाकडचा पंजाब जगभर नेला, हे खरं आहे, आणि २९ मे २०२२ ला त्याचा खून झाला तेव्हा इथल्या पोरांनीही स्टेटस ठेवले होते. पण कॅनडातून येणाऱ्या त्या सगळ्या प्रवाहात 'जट्ट' हा शब्द किती वेळा येतो ते मोज, असं मी त्याला म्हटलं. गोऱ्यांच्या देशात आपण सावळे म्हणून डावलले जातो त्याची चीड, काळ्यांनी घडवलेला ताल, आणि वर आपल्या जातीचा तोरा. या तीन गोष्टी एका गाण्यात कशा बसतात? तो म्हणाला, "त्यायले कोणी पुसलं नसंल सर." मला वाटतं, पुसलं आहे. पंजाबात गिन्नी माहीने स्वतःच्या समाजाचं नाव अभिमानाने गाण्यात आणून नेमकं हेच पुसलं.

मुलीला माही जी दाखवली. मधुरा घाणे, आपल्याच महाराष्ट्रातली, महादेव कोळी समाजाची, शिकून इंजिनीअर झालेली. आदिवासींवर रॅप करते. उन्हावरचं तिचं गाणं चंद्रपूरच्या मे महिन्यात ऐकायला हवं. मुंबईतल्या आरेच्या जंगलासाठी स्वदेसी गटाने तिथले आदिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन केलेलं गाणंही ऐकवलं. मुलीने दोन्ही शेवटपर्यंत ऐकली आणि काही बोलली नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज ती बोलली.

वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. वय पंचवीस. दरवर्षी या दिवशी तुरुंगाच्या आवारात लोक अभिवादनाला येतात, एटापल्ली, अहेरी, जिवती, कुठून कुठून. पिवळे फेटे, 'जय सेवा'चा गजर. मी आणि पोरं गेलो होतो. ही मुलगी तिथे आपल्या गावच्या बायांमध्ये उभी, माडियात भराभर बोलत होती. वर्गात मी तिचा इतका मोकळा आवाज ऐकला नव्हता.

परत येताना जटपुरा गेटजवळ चहा घेतला. म्हणाली, "सर, मी पुण्याला गेली होती भरतीच्या क्लासला. गडचिरोली सांगितलं की पहिला प्रश्न, नक्षलवादी पाहिला का? दुसरा, तू स्वतः तर नाहीस ना? हसून विचारतात. मग मी चंद्रपूर सांगाले लागली. मग चंद्रपूर म्हटलं की वाघ पाहिला का." थोड्या वेळाने, "रूममधल्या पोरी म्हणे, तू तर ट्रायबलसारखी दिसत नाहीस. मले कळलं नाही, थँक्यू म्हणाचं का."

तीन महिन्यांत क्लास सोडून परत आली. घरी सांगितलं, हवा मानवली नाही.

इथून पुणे एका रात्रीचा प्रवास. पासपोर्ट लागत नाही. तरी त्या जर्मन गाण्यातला प्रश्न तिला तिथे मराठीत विचारला गेला, मराठीच्या माहेरघरात. नाक-डोळे पाहून, बोलण्याची ढब ऐकून माणसाला त्याच्याच राज्यात पाहुणा ठरवणं याला वंशभेद म्हणायला आपण कचरतो. मी कचरणार नाही.

तिने रॅप लिहिलेला नाही. म्हणाली, मले तसं भराभर बोलता येत नाही, पण आमचा रेला म्हणते. रेला म्हणजे हात धरून, पाय ओढत, रात्रभर गोल फिरत म्हणायचं गाणं. एक म्हणते, बाकीच्या झेलतात. चहाच्या टपरीवरच हळू आवाजात म्हणून दाखवलं. पोराने टेबलावर ठेका धरायचा प्रयत्न केला, बसेना. रेला तीनच्या अंगाने जातो, बीट चारच्या. मग त्याने बोटं थांबवली आणि तिच्या पायाकडे पाहिलं. ती बसल्या बसल्या पाय ओढत होती. त्याने त्या पायावर ठोका दिला. बसला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं आहे. त्यावरून आज तास-दीड तास भांडण. मला ते आवडलं.

मुलीचं म्हणणं, रेलाचे शब्द गावाचे आहेत, एकटीच्या मर्जीने बीटवर टाकणार नाही. आधी गावात विचारणार. बाबूपेठेतला म्हणाला, त्यात काय विचाराचं, सगळे टाकतात. पोराने त्याला अरिवूची आठवण करून दिली. शेवटी मुलीने गावी फोन लावला, रेंज नव्हती. बसवाल्याच्या हाती निरोप दिला. सोमवारी उत्तर आलं असतं, पण तिची आत्याच आज बाजाराला आलापल्लीला आली होती, तिने तिथून फोन केला. पूजेच्या वेळचे शब्द वापरायचे नाहीत, लग्नातले चालतील, आणि गाण्यात गावाचं नाव यायला पाहिजे. मुलीने ते वहीत लिहून घेतलं. तिच्या तीन ओळी माडियातच राहणार, खाली मराठी अर्थ द्यायचा नाही असं तिने ठरवलं. पोराने एक ओळ बंगालीत घातली आहे, आज्याची. तिचाही अर्थ द्यायचा नाही. मग मराठीचं काय, असं मी विचारलं. तर म्हणे, मराठी तर आहेच ना सर, सगळं तिच्यातच बसवून राह्यलो.

भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, दोन ओळी माझ्या घ्या. काकू आणि पोहे. पोरांनी लगेच होकार दिला. ती तिकडून आवाज रेकॉर्ड करून पाठवणार आहे, कांबळं पांघरून, म्हणजे खोलीत घुमणार नाही.

नावं कोणत्या क्रमाने लावायची हे अजून ठरलेलं नाही. बाबूपेठेतला म्हणतो वयाने, मुलगी म्हणते गावांच्या नावाने, माणसांची नावं नंतर. डफ वाजवणाऱ्या बाबूपेठेतल्यालाच घाई आहे, कारण भाऊबीजेनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो वडशाला एका मंडळीसोबत जातो आणि होळीपर्यंत सापडत नाही. म्हणून येत्या रविवारी सकाळी आठला, कोळशाच्या गाड्यांचा आवाज सुरू व्हायच्या आत, माझ्या घरच्या मागच्या खोलीत. गाद्या भिंतीला लावायच्या आहेत. पंखा बंद ठेवावा लागेल.